राखेखालची गावं आणि बी विंग

येऊ घातलेल्या विनाशाची चाहूल प्रत्येक संस्कृतीला लागते. ती ऐकू येणारा माणूस मात्र त्या संस्कृतीत एखादाच जन्माला येतो.

हे वाक्य मी रामटेके सरांच्या शोकसभेसाठी लिहिलं होतं. सभा सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. खुर्च्या मांडून झाल्या, फोटोला हार घालून झाला आणि नेमका तेव्हाच पाण्याचा टँकर आला. टँकरचा पाइप पार्किंगमधूनच टाकीपर्यंत न्यावा लागतो. खुर्च्या उचलल्या, लोक नळाला पाणी आलं का ते बघायला आपापल्या घरी गेले आणि सभा पुढे ढकलली. ती अजून पुढेच आहे. वाक्य वाया जाऊ नये म्हणून इथे वापरलं. सरांना ते आवडलं नसतं. मुलांच्या पेपरात 'संस्कृती' हा शब्द दिसला की ते त्याखाली लाल रेघ मारून समासात लिहायचे, 'म्हणजे कोण कोण?'

सर नागपूरचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि शहरातल्या एका मराठी शाळेत भूगोल शिकवत निवृत्त झाले. त्याच शाळेत मी मराठी शिकवायचो. पुढे योगायोगाने वारज्यात आम्ही एकाच सोसायटीत, एकाच बी विंगमध्ये राहायला आलो. ते पहिल्या मजल्यावर, मी त्यांच्या डोक्यावर. सोसायटीच्या नावात 'हाइट्स' हा शब्द आहे. उंची मागच्या टेकडीची आहे, नाव आम्ही घेतलं. बिल्डरने टेकडीचा पायथा कापून इमारतीला जागा केली आणि कापलेली टेकडी खाली येऊ नये म्हणून काळ्या दगडाची उंच भिंत बांधली. बी विंगच्या स्वयंपाकघरांतून फक्त तीच दिसते. जाहिरातीत याला 'निसर्गाच्या कुशीत' म्हटलं होतं.

ज्वालामुखीने गाडलेली गावं हा सरांचा विषय होता. छंद म्हणता येणार नाही, कारण छंदात माणूस आनंदी दिसतो. सर त्या गावांबद्दल बोलायचे ते घरातल्या जुन्या दुखण्याबद्दल बोलावं तसे. थकून, आणि तपशील न चुकवता. ज्वालामुखी त्यांनी कधी पाहिला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. डोंगराचं काय, तो डोंगरासारखाच वागणार, असं त्यांचं मत. खालच्या गावातली माणसं त्या वेळी काय करत होती, यात त्यांना रस होता. पॉम्पेईत भट्टीत पाव भाजत होते. एका घरात रंगारी भिंत रंगवत होते, ती अर्धीच राहिली. त्याआधी काही वर्षं मोठा भूकंप होऊन गेला होता आणि गावाची डागडुजी अजून संपायची होती. इतकं सांगून सर चष्मा काढायचे, पुसायचे आणि म्हणायचे, "सूचना आली होती."

हे त्यांचं पालुपद होतं. नापास मुलाचे वडील भांडायला आले की सर सहामाहीचे मार्क दाखवून हेच म्हणायचे. शाळेचं छत गळायला लागलं तेव्हा ओल आलेल्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले. स्टाफरूममधल्या एका बाईंचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या रडत होत्या, तेव्हाही म्हणाले. पण आधी त्यांना पाणी आणून दिलं. आवाजात 'बघा, मी म्हणत नव्हतो' असा सूर कधीच नसायचा. उलट ती सूचना आपल्याच हातून कुठेतरी गहाळ झाली असावी, असं वाटायचं.

कुठेही गेले तरी ते दाराजवळ बसायचे. नाटकाला कडेची खुर्ची, बसमध्ये दारामागची सीट, लग्नाच्या कार्यालयात थेट चपलांच्या शेजारी. शीलावहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की स्वतःच्या लग्नातही भन्तेजी त्रिशरण म्हणत होते आणि हे मंडपाला मागून वाट आहे का ते बघत होते. त्यावर सर म्हणायचे, वाट होती, पण मी गेलो नाही, हे कोणी लक्षात घेत नाही.

पुण्यात या विषयाला श्रोते मिळणं कठीण नाही. पुण्यात कुठल्याच विषयाला श्रोते मिळणं कठीण नाही. पण सरांच्या व्याख्यानानंतर पहिला प्रश्न ठरलेला असे. सर, पुण्यात ज्वालामुखी होईल का? सर सांगायचे, नाही. आपण बसलोय तो सगळा खडक लाव्हाच आहे. टेकडी, घाट, तुमच्या पायरीचा दगड, सगळं एकावर एक ओतलेलं. आपल्या गावाचा नंबर माणसं यायच्या आधीच लागून गेला. हे ऐकून श्रोत्यांची निराशा व्हायची. संध्याकाळ खर्च करून आलेल्या माणसाला थोडी तरी भीती घरी न्यायची असते.

एका ज्येष्ठ नागरिक संघात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय, शाल, श्रीफळ, आणि मग शाल-श्रीफळ देणाऱ्याचं मनोगत. हे मनोगतवाले कुठल्याशा प्रतिष्ठानचे अध्यक्ष होते. त्यांनी सरांचा सगळा वेळ घेतला आणि शेवटी सांगितलं की पॉम्पेईचे लोक विलासी आणि पापी होते, म्हणून निसर्गाने त्यांना शासन केलं. टाळ्या पडल्या. सर उभे राहिले तेव्हा चहाचे कप दारात येऊन थांबले होते. सर म्हणाले, "भट्टीत पाव होते. पाव भाजणारा माणूस पहाटे उठतो, त्याला पाप करायला वेळ कमी मिळतो. ज्यांनी केलं असेल ते बहुधा आधीच गावाबाहेरच्या बंगल्यावर गेले असतील." एवढं बोलून खाली बसले. अध्यक्षांचा गावाबाहेर बंगला होता, हे सरांना खरोखर माहीत नव्हतं.

कॅरिबियन समुद्रातल्या सेंट-पिएर गावाची गोष्ट मात्र ते रंगवून सांगायचे, म्हणजे त्यांच्या हिशेबाने रंगवून. डोंगरातून धूर येत होता, साप आणि मुंग्या खाली गावात उतरत होत्या, पण निवडणूक जवळ आली होती आणि घाबरायचं कारण नाही असं वर्तमानपत्र म्हणत होतं. एका सकाळी काही मिनिटांत गाव संपलं. वाचला तो तुरुंगातल्या जाड भिंतींच्या कोठडीतला कैदी. ही कैद्याची गोष्ट सगळ्यांना आवडते. सर तिथे थांबत नसत. अजून एकजण वाचला होता, ते सांगत. तो जोडे शिवणारा होता आणि गावाच्या अगदी टोकाला राहायचा. मग त्याच थकलेल्या आवाजात पुढे म्हणायचे, "आमच्या आजोबांचं घरही गावाच्या टोकालाच होतं. तिथे राहण्याचा एवढा एकच फायदा इतिहासात नोंदलेला आहे." सभागृहात कोणी हसायचं, मग आपण हसायला नको होतं असं वाटून थांबायचं. सर पाण्याचा घोट घ्यायचे. त्यांना घाई नसायची.

सोसायटीचे सचिव ते झाले, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. झाल्या झाल्या त्यांनी एका रविवारी सकाळी रंगीत तालीम ठेवली. घंटा वाजली की सगळ्यांनी जे सोबत घ्यावंसं वाटेल ते घेऊन ताबडतोब खाली यायचं. घंटा वाजली. काहींनी खिडकीतून विचारलं की खरंच यायचंय का. दुसऱ्या मजल्यावरच्या सबनीस काकू लोणच्याची बरणी घेऊन आल्या. मुरायला ठेवली होती आणि घरात मांजर शिरतं म्हणाल्या. खराडीला आयटीत नोकरी करणारा सौरभ लॅपटॉप उघडाच घेऊन आला, कारण त्याची अमेरिकेशी मीटिंग चालू होती. खाली उभा राहूनही तो 'येस, येस' म्हणत होता. सोसायटीचे अध्यक्ष पोंक्षे यांनी इस्त्री केलेला शर्ट घातला होता. पण एक गोष्ट सगळ्यांनी केली होती. प्रत्येकाने दाराला कुलूप लावलं होतं, दोनदा ओढून पाहिलं होतं, आणि किल्ल्या हातात होत्या. माझ्याही होत्या. सरांनी सगळ्यांच्या हातांकडे एकदा नजर टाकली. पॉम्पेईतही सांगाड्यांच्या हातात किल्ल्या सापडल्या, एवढं म्हणाले आणि तालीम संपल्याचं जाहीर केलं. पोंक्षे म्हणाले, उपक्रम स्तुत्य होता, पण नाश्त्याची सोय हवी होती.

आता भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

अशा भिंतीत जागोजागी भोकं ठेवलेली असतात. टेकडीत मुरलेलं पावसाचं पाणी त्यांतून बाहेर येतं आणि भिंतीवरचा भार हलका होतो. आमच्या भिंतीतही होती. पण पावसाळ्यात त्यांतून लाल गढूळ पाणी गळायचं आणि बरोबर खाली स्कूटर लावलेल्या असायच्या. सीटवर डाग पडायचे. तक्रारी आल्या आणि सरांच्या आधीच्या कमिटीने एका गवंड्याला बोलावून सगळी भोकं सिमेंटने बंद करून घेतली. त्या वर्षीच्या अहवालात 'पार्किंगची स्वच्छता' या शीर्षकाखाली त्याबद्दल कमिटीचं अभिनंदन आहे. पुढच्या दोन पावसाळ्यांत भिंतीला मधोमध पोट सुटलं. रोज बघणाऱ्याला दिसणार नाही इतकं. सरांना दिसलं.

त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. तो आता इंजिनिअर होता. त्याने भिंतीला ओळंबा लावला, हात फिरवला, टेकडीवर चढून आला आणि म्हणाला, मागे पाणी धरलंय. दुरुस्ती आता पाऊस तोंडावर असताना करता येणार नाही, पावसाळ्यानंतरच. तोवर बी विंगने दुसरीकडे राहावं. पोंक्षे म्हणाले की 'राहावं' म्हणजे सक्ती की सल्ला? तो मुलगा म्हणाला, माझे आईवडील इथे राहत असते तर मी आज त्यांना घेऊन गेलो असतो.

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरली. सरांची मागणी एकच होती, पाऊस लागायच्या आत बी विंग चार महिन्यांसाठी रिकामी करायची. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा चांगले बोलले. कोलंबियातलं आर्मेरो गाव सांगितलं. तिथे लाव्हा आलाच नाही. डोंगरावरचं बर्फ वितळून चिखलाचा लोंढा आला. संध्याकाळी राख पडत होती आणि लोकांना चर्चच्या भोंग्यावरून, रेडिओवरून सांगत होते की शांत राहा, घरात राहा. लोक राहिले. सर म्हणाले, आपल्या मागे ज्वालामुखी नाही, पण चिखल आहे. लोंढा व्हायला चिखलाला ज्वालामुखी लागत नाही.

सबनीस काकू बहिणीकडे जाऊन राहता येईल का असं पुटपुटल्या. मला वाटलं, झालं, निघतोय आपण.

तेव्हा सौरभने हात वर केला. मुलगा वाईट नव्हता. बायकोला सातवा महिना होता आणि घर हलवणं त्याला खरंच जड होतं. त्याने विचारलं, "सर, जस्ट क्लॅरिटीसाठी विचारतो. असं कधी झालंय का, की सगळे गाव सोडून गेले आणि मग काहीच झालं नाही?"

सरांनी चष्मा काढला. पुसला.

"झालंय," ते म्हणाले. "ग्वाडलूप बेटावर. हजारो लोक हलवले. काही महिने बाहेर ठेवले. डोंगर नुसता धुरकटला आणि थांबला."

"मग?"

"मग लोक परत आले. शास्त्रज्ञांना शिव्या घातल्या. शास्त्रज्ञांनी एकमेकांना घातल्या."

पार्किंगमध्ये हशा पिकला. तो वाईट हशा नव्हता; सुटका झाल्यासारखा होता. पोंक्षे यांनी ताबडतोब ठराव मांडला की परिस्थितीवर लक्ष ठेवावं आणि सचिवांच्या तळमळीची सभेने नोंद घ्यावी. सरांनी मग एवढंच मागितलं की निदान भोकं तरी उघडा. हे स्वस्तातलं होतं आणि सरांचं मनही राखलं जाणार होतं, त्यामुळे एकमताने मंजूर झालं. दोन दिवसांत ड्रिल मशीन लावून भोकं मोकळी केली. बाकी आम्ही सगळे राहिलो.

जिन्यात मी सरांना म्हटलं, सौरभला सरळ 'नाही' सांगायचं होतं, कोणाला कळणार होतं. ते दोन पायऱ्या चढून थांबले.

"विचारलं होतं त्याने," ते म्हणाले. "यावेळी खोटं बोलून बाहेर काढलं असतं. पुढच्या वेळी काय बोलून काढायचं?"

सरांनी त्याच आठवड्यात घर सोडलं. स्वारगेटच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. शीलावहिनींनी नुकताच ओटा नवा करून घेतला होता. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा त्या ओट्यावरून हात फिरवत माझ्या बायकोला म्हणाल्या, "जन्मभर परदेशातले डोंगर ऐकले जी याच्याकडून. घर सोडलं ते काऊन, तर स्कूटरवाल्यांच्या भिंतीसाठी." पण गेल्या. निघताना सरांनी दाराला कुलूप लावलं. वहिनींनी दोनदा ओढून पाहिलं.

पाऊस त्या वर्षी बेताचा होता. मग जुलैच्या शेवटी दिवसरात्र लागला. अशाच एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो तर खाली, भिंत आणि इमारत यांच्या मधल्या अरुंद पट्टीत, सर छत्री घेऊन उभे होते. स्वारगेटहून बसने आले होते. विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. भोकांतून लाल पाण्याच्या धारा पडत होत्या आणि त्यांनी एका धारेखाली हात धरला होता, नळाला पाणी आलं का बघावं तसा. खाली कोणाचीतरी स्कूटर लालभडक झाली होती. मी खिडकीतून हाक मारली, सर, वर या, चहा टाकतो.

त्यांनी वर पाहिलं. "तुम्ही खाली या," म्हणाले.

रस्त्यापलीकडच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. तिथून भिंत दिसत नाही, नुसती इमारत दिसते. सर इमारतीकडेच बघत होते. सबनीस काकूंच्या गॅलरीतले वाळत घातलेले आणि आता भिजत असलेले कपडे, सौरभच्या घरातला दिवा. त्याच्याकडे बाळ आलं होतं. सरांनी विचारलं, मुलगा की मुलगी. मी सांगितलं, मुलगी. चहा संपला. शेवटी मी विचारलं की भिंत पडलीच नाही तर?

"तर फार चांगलं," ते म्हणाले. "लोक हसतील. हसायला माणसं जिवंत लागतात."

बस आली. दारामागची सीट रिकामी नव्हती, म्हणून ते दारातच दांडा धरून उभे राहिले. कंडक्टर आत सरका म्हणत होता. सर सरकले नाहीत. मी पाहिलेले रामटेके सर हे इथवरच.

पाऊस थांबल्यावर सर परत येतील असं वाटलं होतं, पण छातीचं दुखणं निघालं आणि त्यांची मुलगी दोघांना नागपूरला घेऊन गेली. भिंतीची दुरुस्ती पुढच्या वर्षावर गेली, मग त्याच्या पुढच्या. गेल्या महिन्यात फोन आला की सर गेले. मी विचारलं, अचानक? शीलावहिनी म्हणाल्या, नाही जी, सूचना आली होती.

माँटसेराट नावाच्या बेटाची राजधानी राखेखाली गेली. तिथे आता कोणी राहत नाही, पण कागदोपत्री राजधानी अजून तीच आहे. सरांना ही गोष्ट आवडायची. आमच्या जिन्याखालच्या फळ्यावर सचिव म्हणून अजून त्यांचंच नाव आहे. काढलेलं नाही, कारण दुसरं कोणी तयार नाही.

भिंत उभी आहे. ती न पडण्यासारखीच होती की भोकांमुळे राहिली, हे सांगता येत नाही. पोंक्षे पहिलं म्हणतात. ज्या दिवशी शोकसभा टँकरमुळे पुढे गेली, त्याच दिवशी लोक घरी पांगायच्या आत, सगळे पार्किंगमध्ये जमलेच होते म्हणून, एक ठराव मात्र करून घेतला. भोकं परवा सिमेंटने बुजवली. स्कूटर खराब होत होत्या.